जिथे नावे होती ती जागा

मी एक जुनी हार्डडिस्क आहे. जबलपूरच्या महाराजपूर भागात एका मराठी कुटुंबाच्या टेबलावर मी राहते. मित्रांनो, माझ्या वयाच्या वस्तूंनी डोळे मिटून शांतपणे आठवणी सांगाव्यात, अशी रीत आहे. मला ते जमणार नाही. मी रागावलेली आहे. गेल्या खंडेनवमीला या घरात जे झाले त्याचे खापर माझ्या डोक्यावर फोडले गेले. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच. माझी बाजू कोणी विचारली नाही, म्हणून मीच सांगते.

आधी मी कशी आहे ते ऐका. माझ्या पोटात आरशासारख्या गुळगुळीत चकत्या आहेत. त्या गरगर फिरतात आणि त्यांच्यावरून एक बारीक हात इकडून तिकडे सरकतो. लिहायचे असो की वाचायचे, त्या हाताला नेमक्या जागी पोचावेच लागते. माझी सगळी जागा लहान लहान, सारख्या आकाराच्या खणांत वाटलेली आहे. संगणकवाले त्यांना ब्लॉक म्हणतात. मी खण म्हणते, कारण आपल्या घरातल्या फडताळाला खण असतात तसेच ते आहेत.

आता महत्त्वाची गोष्ट. कोणता खण कुणाला द्यायचा, हे मी ठरवत नाही! हे वाक्य दोनदा वाचा, कारण मोठी माणसे ते एकदाही वाचत नाहीत. ते ठरवतो कर्नेल. कर्नेल म्हणजे संगणकाच्या कार्यप्रणालीचा गाभा, त्या घरातला कारभारी म्हणा. त्याच्यापाशी माझ्या खणांचा एक नकाशा असतो. प्रत्येक खणापुढे एक खूण, भरलेला की रिकामा. नवी फाईल आली की तो नकाशा बघतो, रिकामे खण शोधतो, त्यांवर भरलेल्याची खूण करतो आणि मला म्हणतो, "इथे लिही." मी लिहिते. मी आजवर त्याचे एकही सांगणे चुकवलेले नाही.

जयंती कॉम्प्लेक्समधल्या एका दुकानातून मला अंबरीशने आणले. तेव्हा तो बँकेच्या परीक्षेचा अभ्यास करत होता. त्याच्या लॅपटॉपमध्ये मला बसवले, आणि पहिले काही महिने माझे फार कौतुक झाले. "बघा बाबा, किती फास्ट आहे," असे तो वडिलांना दाखवायचा. पुढे परीक्षेच्या नोट्स मागे पडल्या आणि सिनेमे आले. मग क्रिकेटचे सामने, मित्राच्या लग्नाचे व्हिडिओ, तेच व्हिडिओ पुन्हा दुसऱ्या नावाने. अर्धे पुसायचे, त्यावर दुसरे भरायचे. श्वास घ्यायला जागा म्हणून ठेवली नाही माझ्यात.

अशा वेळी काय होते ते सांगते. तुम्ही मराठी मंडळाच्या गणपतीतली पंगत पाहिली असेल. पंगत जवळजवळ भरलेली आहे आणि पाच जणांचे कुटुंब आले. पाने मांडणारा घाईतला असेल तर बापाला दाराशी बसवेल, आईला मुदपाकखान्याशी, पोरांना तीन कोपऱ्यांत. मग वाढणाऱ्याची काय दशा होते? त्या पाच जणांना भात वाढायला त्याला सगळा मांडव तुडवावा लागतो. माझा तेव्हाचा कारभारी तसाच घाईतला होता, आणि जागा तरी कुठे होती त्याच्यापाशी! एकेका सिनेमाचे तुकडे माझ्या अंगभर विखुरलेले. माझा हात दिवसभर धावत असायचा, कटकट आवाज करत. आणि त्यावर अंबरीशचे बोल काय? "फार स्लो झाली ही. बेकार आहे." नाचता येईना अंगण वाकडे! मला ठासून भरले कुणी? मी?

पुढे त्याला बँकेत नोकरी लागली, नवा लॅपटॉप आला. मला जुन्या लॅपटॉपमधून काढून एका काळ्या डबीत घातले, एक वायर जोडली आणि बाहेरची हार्डडिस्क म्हणून खालच्या ड्रॉवरमध्ये टाकले. शेजारी मच्छर अगरबत्ती आणि कुठल्याच कुलपाला न लागणाऱ्या किल्ल्या. किती दिवस तिथे होते ते मी मोजले नाही. मोजण्यासारखे त्यात काही नव्हते.

तिथून मला बाहेर काढले प्रणोतीने. प्रणोती ही अंबरीशची बायको, नागपूरची. जबलपूरला लग्न होऊन आली आणि इथल्या एका कॉलेजात शिकवायला लागली. नर्मदेच्या ग्वारीघाटावरच्या नावाड्यांच्या आठवणी जमवायच्या, असे काम तिने हाती घेतले होते. त्यासाठी एक छोटा रेकॉर्डर तिच्या पर्समध्ये कायम असायचा. कॉलेजने तिला लॅपटॉप दिला होता, त्यात लिनक्स नावाची कार्यप्रणाली होती. तिने मला पुसून स्वच्छ केले, नवा नकाशा आखून दिला, आणि माझ्यावर एक चिकटपट्टी लावून लिहिले, 'नर्मदा'. मित्रांनो, हार्डडिस्कला सहसा नाव मिळत नाही. मला ते फार आवडले.

नवा कारभारीही मिळाला. त्याची एक सवय मला पहिल्याच दिवशी कळली. तो घाई करत नाही. फाईल आली की लगेच खण देत नाही. एवढे मात्र बघून ठेवतो की पुरेशी जागा शिल्लक आहे. ती जागा त्याने मनात राखून ठेवली, की फाईल आपल्या आठवणीत, म्हणजे लॅपटॉपच्या मेमरीत, धरून ठेवतो. अर्धे मिनिट, थोडे इकडे तिकडे. मधल्या वेळात फाईल किती मोठी होते ते त्याला दिसते. मग एका ओळीतले सलग खण शोधतो आणि मला सांगतो, "इथपासून तिथपर्यंत लिही." पंगतीतला शहाणा माणूस हेच करतो. दारातच म्हणतो, "थांबा जरा, सगळे येऊ द्या." मग पाचही जणांना शेजारी शेजारी बसवतो. माझ्या थकलेल्या हाताला कित्येक वर्षांनी आराम मिळाला. कटकट थांबली. उशीर करणारा प्रत्येक जण आळशी नसतो, हे मी त्या कारभाऱ्याकडून शिकले.

पण या सवयीला एक अट आहे. तेवढे अर्धे मिनिट माणसांनी दम धरला पाहिजे. आणि माणसांची हीच तर बोंब आहे.

प्रणोतीच्या कामातला सगळ्यात मोठा ठेवा म्हणजे दद्दा. दद्दा हे ग्वारीघाटावरचे सर्वांत म्हातारे नावाडी. बर्मन, म्हणजे पिढीजात नावाड्यांच्या कुळातले. त्यांना खऱ्या नावाने कोणी हाक मारत नसे, सगळ्या घाटाचे ते दद्दाच. प्रणोतीने गेल्या थंडीत काही सकाळी त्यांच्या नावेत बसून त्यांचे बोलणे रेकॉर्ड केले. पहिल्या दिवशी तिने सगळ्यांना विचारते तसे विचारले, "दद्दा, पहले अपना नाम बताइए." दद्दा म्हणाले, एकट्याचे नाव सांगून काय उपयोग, नाव तर बापजाद्यांकडून येते. आणि त्यांनी सगळ्यात वरच्या पिढीपासून नावे म्हणायला सुरुवात केली. ज्यांनी ज्यांनी या घाटावर वल्हे हातात धरले त्या साऱ्यांची, एकामागून एक. प्रणोती घरी येऊन अंबरीशला हे सांगत होती तेव्हा मी टेबलावर होते.

उन्हाळ्यात दद्दा वारले. त्यांचा मुलगा हल्के आता त्यांची नाव वल्हवतो. तो प्रणोतीला म्हणाला, "दीदी, वो नाम हमें याद नहीं हैं. हमने सोचा, दद्दा तो हैं ही." त्याने लहानपणापासून ती नावे ऐकली होती आणि म्हणूनच कधी पाठ केली नव्हती. आता ती फक्त एका ठिकाणी होती, त्या छोट्या रेकॉर्डरमध्ये. प्रणोतीने शब्द दिला, "दसऱ्याला घरी ये भैया, फोनमध्ये घालून देते."

आता मला सांगा, एवढी मोलाची गोष्ट माझ्याकडे कधी यायला हवी होती? रेकॉर्ड केली त्याच दिवशी! संध्याकाळी घरी आल्या आल्या! पण पेपर तपासणे होते, पाहुणे होते, मग पाऊसकाळ आला. बाकीच्या नावाड्यांचे आवाज माझ्याकडे आले, दद्दांची तेवढी रेकॉर्डिंग, त्या सगळ्या सकाळी, रेकॉर्डरमध्येच राहिल्या. शिकलेली बाई, रोज मुलांना वेळेवर काम करा म्हणून सांगणारी! आणि शेवटी मुहूर्त सापडला तो खंडेनवमीचा.

या घरची खंडेनवमी म्हणजे साधी गोष्ट नाही. अंबरीशचे वडील रत्नाकर संरक्षण खात्याच्या कारखान्यात टूलरूममध्ये होते. कारखान्यात सगळे विश्वकर्मा पूजा करत, पण घरी मात्र त्यांनी खंडेनवमीची शस्त्रपूजा कधी चुकवली नाही. ज्याच्या त्याच्या धंद्याचे हत्यार त्या दिवशी पाटावर बसते, हळदकुंकू लागते, झेंडूचे फूल मिळते. आणि दसरा उजाडेपर्यंत त्याला विश्रांती. कोणी हात लावायचा नाही. स्वतःचे व्हर्नियर, कानशी, पाने ते आदल्या दिवशी तेल लावून पुसून ठेवतात. अंबरीशचा कॅल्क्युलेटर असतो. प्रणोती आल्यापासून तिचा लॅपटॉप, रेकॉर्डर आणि मीही असते.

त्या सकाळी प्रणोतीने रेकॉर्डर आणि मला दोघांना लॅपटॉपला जोडले. संध्याकाळी तिला घाटावर जायचे होते. नवमीला जवाऱ्यांच्या, म्हणजे नवरात्रात घटाशी उगवलेल्या धान्याच्या कोंबांच्या, विसर्जनाला सगळे शहर तिकडे लोटते, तेव्हा नावाडी कसे काम करतात ते तिला रेकॉर्ड करायचे होते. त्यासाठी रेकॉर्डर रिकामा हवा होता. तिने दद्दांच्या सगळ्या सकाळी एकदम निवडल्या आणि माझ्याकडे पाठवल्या. फायली काही फार मोठ्या नव्हत्या. पडद्यावरची पट्टी सरसर भरली आणि नाहीशी झाली.

तेवढ्यात रत्नाकर सोवळे नेसून दारात आले. "प्रणोती बेटा, मुहूर्त चालला ना वो. काहून लटकवून ठेवलं हिला? झालं नं तुझं?"

"झालं बाबा. काढा तुम्ही," ती म्हणाली.

झालं! काय झाले होते? फायली लॅपटॉपच्या मेमरीत पोचल्या होत्या, एवढेच झाले होते. माझ्यापर्यंत काय आले होते? नुसती नावे. 'दद्दा १', 'दद्दा २', अशी फायलींची नावे माझ्यावर लिहून झाली होती. आतला आवाज अजून कारभाऱ्याच्या हातात होता. त्याने जागा राखली होती, खण द्यायचे बाकी होते. माझा हात लिहायला तयार होऊन थांबला होता. आणि रत्नाकरांनी माझी वायर ओढली.

मित्रांनो, मला ओरडता आले असते तर साऱ्या महाराजपूरने ऐकले असते. त्या पडद्याच्या कोपऱ्यात एक लहानशी खूण असते. ती दाबली की कारभारी हातातले सगळे माझ्यावर उतरवतो आणि मगच म्हणतो, "आता काढा." एक खूण! एकदा दाबायची! जेवण झाल्यावर हात धुवायला सांगावे लागत नाही या माणसांना, मग हे का सांगावे लागते?

पाटावर नेऊन रत्नाकरांनी मला ओल्या कुंकवाचे बोट लावले, ते नेमके वायरच्या तोंडात. तेही मी सोसले. इकडे प्रणोतीने रेकॉर्डर लॅपटॉपपासून सोडवला, त्यावरचे बटण दाबले आणि 'सगळे पुसा' निवडले. पुसूनही टाकले. मग तो रत्नाकरांच्या हाती दिला आणि नैवेद्याचे बघायला स्वयंपाकघरात गेली.

रत्नाकर टूलरूमचे माणूस. बंद पडलेल्या हत्याराची पूजा करायची नाही, हा त्यांचा नेम. कानस घासून बघतात, पाना फिरवून बघतात, मगच पाटावर ठेवतात. त्यांनी रेकॉर्डरचे लाल बटण दाबून पाहिले. "चालू आहे का हे? हां, चालू आहे," असे म्हणाले, आणि बटण बंद न करता तसेच हातात धरून मऊ फडक्याने त्याला पुसू लागले. पुसताना त्यांना गुणगुणायची सवय आहे. पुसून झाल्यावर त्यावरचा दिवा पेटलेला दिसला तेव्हा त्यांनी बटण बंद केले. त्यात काही वावगे झाले असे त्या घरात कुणालाच वाटले नाही.

मी मात्र तिथेच घाबरले. कारण पुसणे म्हणजे काय, हे मला ठाऊक आहे. तुम्ही फाईल पुसता तेव्हा कोणी फडके घेऊन खण धूत नाही. नकाशावरची खूण तेवढी बदलते. पंगतीतला माणूस पानावर तसाच बसलेला असतो, पण यादीत ती जागा रिकामी म्हणून लागते. नवा कोणी येऊन त्या जागेवर बसेपर्यंत जुना तिथेच असतो. रेकॉर्डरलाही आपला एक छोटा कारभारी होता, साधासुधा, पहिला रिकामा खण दिसला की देऊन मोकळा होणारा. आणि पहिल्या खणांत कोण बसले होते? दद्दांची पहिली सकाळ.

संध्याकाळी प्रणोती तयार होऊन आली आणि पाटावरच्या रेकॉर्डरकडे हात नेला. रत्नाकर आडवे आले.

"आज नाही. पूजा झाली आहे त्याची."

"बाबा, जवारे वर्षातून असे दोनदाच असतात. मला काम आहे तिथे."

"काम उद्या. आज शस्त्र चालत नाही, हे या घरात सगळ्यांना लागू आहे. मी छत्तीस वर्षं मशीनवर होतो, मी पाळलं."

"पण हे काय शस्त्र आहे का बाबा!"

"मग पाटावर काहून ठेवू दिलंस?"

 प्रणोती दार आपटून रिकाम्या हाताने ग्वारीघाटाला गेली.  आणि मी? ज्या माणसाच्या घाईने सगळे बुडवले होते, त्याच माणसाच्या हट्टाने उरलेले वाचवले होते. ती रेकॉर्डर घेऊन गेली असती तर विसर्जनाचे ढोल दद्दांच्या सगळ्या सकाळींवर चढून बसले असते. रत्नाकरांना शिव्या द्याव्यात की हात जोडावेत ते मला कळेना. राग मात्र कमी झाला नाही.

दसऱ्याला सकाळी हल्के आला. नवा सदरा, केस पाण्याने बसवलेले. सोबत गुलाबी कागदात बांधलेली मिठाई. "दीदी, फोन में डाल दो. अम्मा सुनबे खों बैठीं हैं घर में," तो म्हणाला. त्याची आई ते ऐकायला घरी वाट बघत होती.

प्रणोतीने हसतच मला जोडले आणि पहिली फाईल उघडली. आवाज नाही. दुसरी उघडली. आवाज नाही. मग तिने फायलींचा आकार पाहिला. शून्य. सगळ्यांचा शून्य. नावे होती आणि आत काही नव्हते. 

अंबरीश वाकून बघायला आला. आता ऐका तो काय म्हणाला. "मी केव्हापासून म्हणून राहिलो होतो, ही डिस्क गेलेली आहे. फेकून दे. फॉरमॅट मारून बघू का?"

फॉरमॅट! ज्या कारभाऱ्याने जागा राखली तो निर्दोष, ज्याने वायर ओढली तो निर्दोष, "झालं" म्हणणारी निर्दोष, आणि जिच्या हातात काही आलेच नाही ती मी गुन्हेगार! घराबाहेर ताटकळत ठेवलेल्या पाहुण्यावर जेवण चोरल्याचा आळ घेतला तर त्याला कसे वाटेल? दद्दांचा एक श्वाससुद्धा माझ्यापर्यंत पोचू दिला नाही तुम्ही!

प्रणोती रडत होती. रडता रडता तिने सुमेधला फोन लावला. सुमेध तिच्याच कॉलेजात संगणकशास्त्र शिकवतो. त्याचा पहिलाच प्रश्न होता, "रेकॉर्डरमध्ये पुसल्यावर काही नवीन भरलंस का?"

"नाही. बाबांनी हातच लावू दिला नाही काल."

"मग अजिबात चालू करू नको. मी येतो. सोनं द्यायला यायचंच होतं."

तो आपट्याची पाने खिशात घेऊन आला. रेकॉर्डर आपल्या लॅपटॉपला जोडला, आणि रिकामे म्हणून खूण केलेले खण एकेक करून वाचायला लावले. माझ्याबद्दलही तो बोलला. म्हणाला, "डिस्कची काही चूक नाही. लिहून होण्याच्या आत वायर निघाली." अंबरीशने "अच्छा" म्हटले. माझी माफी? ती अजून यायची आहे.

फायली सापडू लागल्या. त्या कुठे ठेवायच्या, असा प्रश्न आला. "परत रेकॉर्डरवर चालणार नाही, त्याच खणांवर लिहिल्या जातील. दुसरी डिस्क द्या," सुमेध म्हणाला. घरात दुसरी डिस्क नव्हती. मला पुढे केले गेले. आणि या खेपेला सगळे लिहून होईपर्यंत सुमेधने वायरीवर हात ठेवला होता, कोणी ओढू नये म्हणून. दद्दांच्या सकाळी एकामागून एक माझ्यावर उतरल्या. सलग, शेजारी शेजारी. माझ्या साऱ्या आयुष्यात मी इतक्या काळजीने कधी लिहिले नव्हते.

मग हल्केसाठी पहिली सकाळ लावली.  आधी प्रणोतीचा प्रश्न यायला हवा होता, तो आला नाही.

"चालू आहे का हे? हां, चालू आहे," रत्नाकरांचा आवाज आला. मग फडक्याची घासघास. मग आरतीची गुणगुण. मिनिटभर तेच. रत्नाकर उभे होते, ते खुर्चीवर बसले. मग एकदम आवाज तुटला, पाण्याचा चुबुक चुबुक आवाज आला, आणि दद्दा वाक्याच्या मधूनच बोलू लागले, "...और हमाओ मौड़ा, हल्के." मौड़ा म्हणजे मुलगा, यादीतले शेवटचे नाव. पुढे ते नदीबद्दल सांगायला लागले.

नावे गेली होती. वरच्या पिढीपासून खालपर्यंतची सगळी, दद्दांचे स्वतःचेही. त्या खणांवर एका म्हाताऱ्याची गुणगुण बसली होती. आधी माझ्याकडे आवाजाशिवाय नावे आली होती, आता नावांशिवाय आवाज आला. सुमेध हळूच म्हणाला, "हे नाही परत येणार. यावर दुसरं लिहिलं गेलं आहे."

 रत्नाकर हल्केला म्हणाले, "भैया, मेरे हाथ से हुआ. मुझे क्या मालूम, बटन दबाने से..." 

हल्के फोनकडे बघत होता. म्हणाला, "एक बार और चलाओ, दीदी."

पुन्हा लावले. पुन्हा गुणगुण, पुन्हा पाणी, पुन्हा त्याचे नाव. त्याने डोळे पुसले. प्रणोती घाईघाईने म्हणाली, "सुरुवातीचा हा भाग मी काढून टाकते भैया. बाबांचा आवाज कापते. मग सरळ दद्दांपासूनच सुरू होईल."

"नें काटो, दीदी," हल्के म्हणाला. "उतै नाम हते."

तिथे नावे होती. ती जागा दिसू दे, एवढेच त्याला म्हणायचे होते. ती फाईल तशीच त्याच्या फोनमध्ये गेली आणि तशीच माझ्याकडे आहे.

तेव्हापासून रत्नाकर माझी वायर काढण्याआधी पडद्यासमोर उभे राहतात, मोठ्याने विचारतात, "निघू दे का हिला?" आणि 'आता काढा' असे उमटेपर्यंत हात मागे बांधून थांबतात. हल्के नात्यातल्या म्हाताऱ्यांकडे जाऊन नावे विचारून आला. दोन मिळाली. तीही प्रणोतीने रेकॉर्ड केली आणि त्याच संध्याकाळी माझ्याकडे आणली.

म्हणून मित्रांनो, माझे ऐका. पडदा "झाले" म्हणाला म्हणजे झाले असे नसते. कोणाच्या तरी हातात अजून काही असते, कोणीतरी अजून जागा शोधत असते, त्याला अर्धे मिनिट द्या. आजीआजोबांचा आवाज एकाच ठिकाणी ठेवू नका, आणि दुसरीकडे तो वाजतो आहे हे स्वतःच्या कानांनी ऐकल्याशिवाय पहिला पुसू नका. आम्हा जुन्या वस्तूंना शिव्या देण्याआधी एकदा विचारा, की आमच्यापर्यंत काय पोचले होते. माझा राग अजून गेलेला नाही, आणि तो जावा अशी माझी इच्छाही नाही. कधी प्रणोतीला काम करताना बघायला याल तर तिला दद्दांची पहिली सकाळ लावायला सांगा. फडक्याची घासघास सुरू झाली की कोणी बोलू नका. हल्के सांगतो, त्याची आई घरी त्या मिनिटाला डोक्यावर पदर घेऊन हात जोडते.